काचेतल्या माशांची जागा

घरात पाणी कुठे ठेवायचे हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. शिनोलीतले एखादे जुने घर घ्या, किंवा घोडेगाव, नारोडी, डिंभे या बाजूचे कुठलेही घ्या. पाण्याचा माठ, रांजण किंवा हंडा माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, नाहीतर स्वयंपाकघराच्या ओलसर भिंतीला टेकून असायचा. त्यावर झाकण असे आणि झाकणावर तांब्या पालथा. उजेडात ठेवलेल्या पाण्यावर हिरवट चिकटा धरतो, अंधारातले पाणी निवळ राहते, हे आजीला ठाऊक होते. त्यासाठी तिने कुठले पुस्तक वाचले नव्हते.

ही समज फार जुनी आहे. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट इकडे गेलेल्यांनी कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली असतील. तिथल्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि अमक्याने पोढी दान दिली असे लिहिलेले सापडते. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट झाली. यातल्या पुष्कळ पोढ्यांचे तोंड लहान आणि आतला पोटाचा भाग मोठा आहे. ऊन आत जात नाही, वाफ होऊन पाणी फारसे उडत नाही आणि शेवाळही धरत नाही. पाण्याला अंधार द्यावा, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा धडा.

आता मंडळी, त्याच घरात कुणी काचेची पेटी आणतो. मंचरच्या किंवा नारायणगावच्या बाजारातून मुलांनी हट्ट करून आणलेली असते, किंवा शाळेत विज्ञानाच्या गुरुजींनी वर्गासाठी घेतलेली असते. आत वाळू, दोन-चार झाडे, सोनेरी मासे. ती ठेवायची कुठे? माठाच्या कोपऱ्यात ठेवली तर मासे दिसत नाहीत आणि झाडे कुजतात. खिडकीत ठेवली तर आठ-दहा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखे हिरवे होते. ओट्यावर ठेवली तर मांजर येते. प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण तो नीट सुटायला माणसाला दोनशेच नव्हे, चांगली हजार वर्षे लागली. आज ती हकीगत सांगायची आहे.

शोभेसाठी मासे पाळण्याची हौस खरी वाढवली ती चिनी लोकांनी. सुंग राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या ते तेराव्या शतकात, तिथे श्रीमंतांच्या बागेतल्या तळ्यांत तांबूस-सोनेरी मासे राखले जात. पुढे मिंग राजवटीत हे मासे तळ्यातून मोठ्या मातीच्या आणि चिनी मातीच्या कुंडांत आले, अंगणात आले, मग घरात आले. पण कुंड्याची भिंत आरपार दिसणारी नव्हती. मासा पाहायचा तो वरून, आपण विहिरीत डोकावतो तसा. म्हणून त्यांनी मासेही असे निपजवले की जे वरून पाहायला सुंदर दिसतील : दुहेरी शेपटीचे, फुगीर अंगाचे, बटबटीत डोळ्यांचे. कुंडाला उजेड मिळे तोही वरूनच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे युरोपातल्या लोकांनी हेच सोडले आणि फसले.

आपल्याकडेही माशांना खाऊ घालण्याची आणि त्यांच्या जाती ओळखण्याची विद्या होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ताब्यात आजच्या महाराष्ट्राचा बराच मुलूख होता. त्याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कुठल्या कुठल्या गोष्टींत मन रमवावे हे सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ असा एक भाग आहे. मासे कुठे राहतात, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून वाढवावे, गळ कसा टाकावा, असे तपशील त्यात येतात. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास त्याचा बारकाईने अभ्यास करून तो जगापुढे मांडला. मात्र सोमेश्वराचे मासे पाण्यात, म्हणजे तळ्यात आणि नदीत राहिले. घरात आले नाहीत. मंदिराच्या कुंडात किंवा नदीच्या डोहात ‘देवाचे मासे’ म्हणून राखले गेले तेही आपापल्या जागीच. महाडजवळच्या वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहातले महसीर मासे लोक आजही देवीचे मानतात. मासा होता तिथेच ठेवून आपण त्याच्याकडे जायचे, अशी आपली जुनी रीत होती, आणि खरे सांगायचे तर त्यात माशाचे हाल कमी होते.

सतराव्या शतकात सोनमासे युरोपात पोचले. लंडनचा सॅम्युएल पेपिस हा रोजनिशी लिहिणारा गृहस्थ. त्याने १६६५ च्या मे महिन्यात एका घरी काचेच्या पात्रात ठेवलेले मासे पाहिले आणि त्याला त्याचे भारी नवल वाटले. पुढच्या शतकात बड्या घरांतून गोल काचेच्या बरण्या आणि चिनी मातीची कुंडे दिसू लागली. जागा निवडायची ती पाहुण्यांच्या नजरेची : टेबलावर, शेकोटीच्या फळीवर, जिन्याच्या वळणावर. माशाच्या सोयीचा विचार कुणी केला नव्हता. १७४७ साली होरेस वॉलपोल या उमरावाची मांजर माशांच्या कुंडात डोकावताना आत पडून बुडाली, आणि थॉमस ग्रे या कवीने तिच्यावर कविता केली. मांजरीचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. माशांचे काय झाले, ते कवीनेही लिहिले नाही.

खरे तर मासे मरतच होते. पाणी रोज बदलले तर जगायचे, दोन दिवस विसरले की पोट वर करून तरंगायचे. का, हे कुणाला कळत नव्हते. पाण्यात काहीतरी असते, ते संपते, एवढाच अंदाज.

त्या ‘काहीतरी’चा शोध माशांवरून लागला नाही, तो लागला पुदिन्याच्या काडीवरून. १७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले या धर्मोपदेशकाने बंद भांड्यात मेणबत्ती जाळून आतली हवा ‘खराब’ केली, आणि त्यात पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. झाड हवा सुधारते, असे त्याने सांगितले. पण गंमत अशी की दुसऱ्यांनी हाच प्रयोग केला तर कधी जमे, कधी बिघडे. खुद्द प्रीस्टलेलाही तो दर वेळी साधेना. कोडे सोडवले यान इंगनहाउस या डच वैद्याने. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने एकामागून एक पाचशेच्या घरात प्रयोग केले आणि सिद्ध केले, की झाडाचा हिरवा भागच प्राणवायू सोडतो, आणि तोही उजेडात. रात्री झाडसुद्धा आपल्यासारखेच हवा वापरते. म्हणजे प्रयोग बिघडत होता तो भांडे कुठे ठेवले होते त्यामुळे! उजेडात ठेवणाऱ्याचा जमला, कोपऱ्यात ठेवणाऱ्याचा फसला.

गुरुजनहो, हा प्रयोग आपल्या शाळेच्या पुस्तकात आहेच. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर पालथे नरसाळे, वर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवले की नळीत बुडबुडे चढू लागतात. पुष्कळ वर्गांत हे फळ्यावरच्या चित्रातच उरकले जाते. हायड्रिला आपल्या तळ्यांत, कालव्याच्या कडेच्या साचलेल्या पाण्यात सहज मिळते. खिडकीत ठेवा, बुडबुडे मोजा. मग वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. काचपेटीची जागा कशी ठरवायची ते मुलांना त्या दोन आकड्यांतच दिसेल.

इंगनहाउसनंतर सत्तर वर्षे गेली तरी मासे मरतच राहिले, कारण हे ज्ञान माशांच्या बरणीपर्यंत पोचले नव्हते. ते पोचवले रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. औषधे तयार करणाऱ्या अपोथेकरीज हॉलमध्ये तो काम करी. १८४९ साली त्याने बारा गॅलनांच्या पात्रात दोन सोनमासे सोडले आणि तळच्या वाळूत पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. पाणी बदलायचे नाही, असे ठरवले. काही दिवस उत्तम चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा चिकटा चढला. आता हा डाव फसणार, असे वाटत असताना त्याने त्यात पाच-सहा गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि चिकटा खाऊन टाकला, त्यांची अंडी माशांना खायला मिळाली, आणि पाणी निवळले. मार्च १८५० मध्ये हा वृत्तान्त त्याने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे ठेवला. मासा कर्बवायू सोडतो, झाड तो घेते आणि प्राणवायू देते, गोगलगाय उष्टे-खरकटे काढते. तिघांचा संसार झाला, आणि त्यावर देखरेख करायला फक्त उजेड लागला.

बारा गॅलन म्हणजे सुमारे चोपन्न लिटर. आज बाजारात जी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी सर्रास मिळते, तिच्यात जवळजवळ तेवढेच पाणी मावते. तेव्हा वॉरिंग्टनचा संसार आपल्या घरात जसाच्या तसा मांडता येतो.

याच सुमाराला दोन गोष्टी जुळून आल्या. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. आणि नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरची बंद काचपेटीतली झाडे लोकांच्या ओळखीची झाली होती. अशाच पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे जहाजाने हिंदुस्थानात आणली. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे काचघर उघडले. लोकांनी पहिल्यांदाच मासा वरून न पाहता बाजूने, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून पाहिला. १८५४ साली फिलिप गॉस याचे पुस्तक आले, आणि घराघरांत काचपेटीचे वेड शिरले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लोकांनी पेटी ठेवली ती खिडकीत. तर्क सरळ होता : झाडाला उजेड हवा, उजेड खिडकीत, तेव्हा पेटी खिडकीत. आणि घरोघर पाणी हिरवे झाले. चूक कुठे झाली होती? तळ्यात, नदीत, चिनी कुंडात उजेड फक्त वरून येतो. काचपेटीला मात्र चारी बाजूंनी काच. खिडकीतले ऊन बाजूने आरपार घुसते. लावलेले झाड जेवढे वाढते त्याच्या कितीतरी पट वेगाने डोळ्यांना न दिसणारे शेवाळ वाढते. शिवाय पाणी तापते. आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो : वीस अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर तीस अंशाला साडेसात. मासा मात्र उष्णतेत जास्त श्वास घेतो. एका हाताने आवक घटते, दुसऱ्या हाताने खर्च वाढतो.

वॉरिंग्टनच्याच हे पहिल्यांदा ध्यानात आले. त्याने पेटीची मागची बाजू तिरपी केली आणि बाजू झाकून उजेड फक्त वरून पाण्याच्या पृष्ठभागातून येईल अशी रचना केली. विल्यम लॉइड हा लंडनचा काचपेट्या विकणारा दुकानदार त्याच्याही पुढे गेला. समुद्राचे पाणी निवळ कसे ठेवायचे यावर त्याने आयुष्य घालवले. १८७१ साली क्रिस्टल पॅलेसमधले मोठे मत्स्यालय उभे राहिले तेव्हा त्याने दाखवायच्या टाक्यांच्या खाली, जमिनीत, कितीतरी पट मोठा अंधारा हौद बांधला. पाणी हौदातून वर टाकीत, टाकीतून पुन्हा हौदात. उजेडात आलेले पाणी अंधारात जाऊन थंड आणि स्वच्छ होऊन परत येई.

श्रोतेहो, हा हौद म्हणजे दुसरे काय? आपल्या जुन्नरची पोढीच. लॉइडने नाणेघाट पाहिला नव्हता, आणि पोढी खोदणाऱ्याने मासे पाळले नव्हते. पण पाण्याचा स्वभाव दोघांनीही ओळखला होता.

इंग्लंडातले काचपेटीचे वेड दहा-पंधरा वर्षांत ओसरले. त्याची एक किंमत मात्र मोजली गेली. पेट्या भरायला लोक समुद्रकाठच्या खडकांतले लहान लहान डोह ओरबाडू लागले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिल्या. आपल्या वडिलांच्याच पुस्तकाने लोक किनाऱ्यावर लोटले आणि ते सुंदर डोह उजाड झाले, याचे दुःख त्याने त्यात बोलून दाखवले आहे. हौसेला अशीही बाजू असते, आणि तिच्याकडे मला शेवटी पुन्हा यायचे आहे.

आपल्या देशात सार्वजनिक मत्स्यालय पहिल्यांदा मद्रासला १९०९ साली झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. त्या काळात गावोगावच्या शाळांच्या सहली मुंबईला जात तेव्हा राणीचा बाग आणि मत्स्यालय ही दोन ठिकाणे ठरलेली. आत शिरले की माणसे अंधारात आणि मासे उजेडात, असा थाट. ती शोभेची युक्ती वाटे, पण मूळ सूत्र वॉरिंग्टनचेच : उजेड वरून, मोजका, आणि बाकीच्या बाजू झाकलेल्या.

खेड्यात मात्र मासा घराशी आला तो वेगळ्याच वाटेने. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला. मग डासांची अंडी-अळ्या शोधणे सुरू झाले. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात घरांच्या विहिरींवर बोट ठेवले. विहिरी बुजवाव्यात की झाकाव्यात, यावर शहरात मोठा वाद झाला, कारण कित्येक कुटुंबांची विहिरीवर श्रद्धा होती. तिसरा उपाय होता तो मासे सोडण्याचा. दक्षिण अमेरिकेकडचा इवलासा गप्पी मासा १९१० च्या सुमारास आणि गांबुसिया १९२८ साली हिंदुस्थानात आणला गेला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आजवर आरोग्य खात्याची माणसे डबक्यांत, हौदांत, न वापरत्या विहिरींत गप्पी सोडत आली. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही पाटी कुणी पाहिली नाही? पुष्कळ मुलांनी पहिला मासा पाळला तो आरोग्य केंद्रातून पिशवीत आणलेला गप्पीच. त्याला आपण बोलतो तसल्या ‘गप्पां’शी काही देणेघेणे नाही, बरे का, त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी आडनावाच्या गृहस्थाने तो लंडनला पाठवला, म्हणून हे नाव.

तर आता शिनोलीच्या घरात पेटी कुठे ठेवायची?

आधी वजन पाहा. चोपन्न लिटर पाण्याचे चोपन्न किलो; वाळू, दगड आणि काच धरून सत्तर किलोच्या पुढे. कांद्याची भरलेली गोणी आणि वर एक अर्धी, एवढा भार रात्रंदिवस एकाच जागी राहणार. दूरदर्शन संचाच्या लाकडी फळीवर किंवा डुगडुगत्या टेबलावर हे चालत नाही. शेणाने सारवलेली जमीन एका अंगाला उतरती असली तर पाण्याची रेघच ते सांगते. मग खाली पाट किंवा फरशीचे तुकडे घालून पेटी सपाट करावी, आणि पेटीखाली थर्माकोलचा तुकडा टाकावा. भरलेली पेटी कधीही सरकवू नये. काचा आज सिलिकोनने चिकटवलेल्या असतात. एका कोपऱ्याला ताण आला की सांधा सुटतो आणि मग माजघरात घोड नदी!

उजेडाचे म्हणाल, तर पेटी खिडकीत ठेवू नये. खिडकीपासून चार-पाच हात आत, जिथे दुपारी दिवा न लावता पुस्तक वाचता येते पण उन्हाचा कवडसा पोचत नाही, तिथे ठेवावी. मागची काच गडद कागदाने झाकावी. वीज असेल तर वर एक दिवा, रोज सात-आठ तास, त्याहून जास्त नको. इंग्रजी पुस्तकांत उत्तरेची खिडकी उत्तम म्हटलेली आढळते. ते लंडनला ठीक आहे. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला कधीच जात नाही. आपले गाव एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पावसाळा लागला की ढग सांभाळून घेतात, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तरेच्या खिडकीवरही लक्ष ठेवावे लागते. पुस्तकातली दिशा उचलताना ते पुस्तक कुठल्या गावी लिहिले हेही पाहावे, एवढेच.

दिशेवरून आठवले. पेटी ईशान्येला ठेवली की भरभराट होते, असे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. पाण्याची जागा ईशान्येला, ही समजूत जुनी आहे. पण काचेची माशांची पेटी घराघरांत आली तीच मुळी १८५० च्या नंतर, तेव्हा तिच्याबद्दल प्राचीन ग्रंथाने काही सांगणे कठीण. ईशान्येला सकाळचा कोवळा उजेड येतो आणि दुपारी सावली असते, म्हणून तिथे मासे जगले तर जगोत बिचारे. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तेवढाच उजेड असेल तर तिथेही जगतील.

चुलीजवळ आणि फोडणीच्या वाफेत पेटी नको. तेलाचा तवंग पाण्यावर बसला की हवा पाण्यात मिसळत नाही. आणि एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात फार महत्त्वाची. फवारणीचा पंप, औषधाचे डबे, फवारणी करून आलेले कपडे पडवीत ठेवले जातात. टोमॅटो-वांग्यावर मारायची कित्येक कीटकनाशके माणसापेक्षा माशाला शेकडो पटींनी जहाल असतात. औषधाचा हात न धुता पेटीत घातला, तर संध्याकाळपर्यंत सगळे मासे उताणे. पडवी आणि पेटी यांच्यात निदान एक भिंत असू द्या. नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल तर पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच पेटीत घालावे. विजेची तार पेटीकडून भिंतीच्या खटक्याकडे नेताना मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोळात टपकेल, खटक्यात जाणार नाही.

वीज गेली की हवेचा पंप थांबतो, आणि आपल्याकडे ती जाते. म्हणून मासे कमी, झाडे जास्त, हे वॉरिंग्टनचे गणित आपल्याला शहरापेक्षा अधिक लागू आहे. चोपन्न लिटरांच्या पात्रात त्याने दोनच सोनमासे ठेवले होते. आपण दहा टाकतो. गोल बरणीची तर गोष्टच सोडा. तिच्यात पाणी थोडे, हवेला तोंड लहान. दुकानदाराने दिली तरी ती परत करावी.

शाळेत पेटी असेल तर एक अडचण ठरलेली. मे महिन्यात शाळेला कुलूप. मासे कुणाच्या घरी? गुरुजी बाहेरगावचे, मुले मामाच्या गावाला. मग कुणीतरी म्हणते, सोडा घोड नदीत, तेवढेच पुण्य. इथे मात्र हात आखडावा.

ही नदी आहुप्याच्या डोंगरात उगम पावते. जिच्यावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव पोटात घेऊन ती डिंभ्याच्या धरणात थांबते, पुढे शिनोली-घोडेगावाजवळून वाहत शेवटी भीमेला मिळते. या भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद कर्नल साइक्स याने केली. १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनची माहिती गोळा करीत हिंडत होता, आणि १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या माशांवर लेख वाचला. त्याने एक चांगले केले. कोळ्यांनी सांगितलेली नावेच त्याने पुष्कळ माशांना शास्त्रीय नाव म्हणून दिली. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आजही महसीर ‘खुदरी’ आहे, एक मासा ‘नकटा’ आहे, एक ‘शिंगटी’ आहे. लॅटिनच्या शेजारी आपल्या कोळ्यांची मराठी बसली आहे.

त्या माशांना आज बाहेरून आलेल्यांशी झगडावे लागते. गप्पी आणि गांबुसिया डासांच्या अळ्या खातात तशी दुसऱ्या माशांची पिलेही खातात. म्हणून त्यांना डबके आणि बंद हौद ठीक, वाहती नदी नको. काचा साफ करतो म्हणून पेटीत ठेवला जाणारा, अंगावर खवल्यांचे चिलखत असलेला सकर मासा अलीकडच्या वर्षांत उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तो तिथे काही उडत आला नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली पेटी जड झाली, आणि पुलावरून पिशवी रिकामी झाली. घोडेचे पाणीही भीमेतून उजनीलाच जाते.

तेव्हा सुट्टी लागण्यापूर्वी आठवडाभर आधी ठरवावे. गावात राहणारा एखादा मुलगा असतोच, ज्याच्या घरी माजघराला उत्तरेचा उजेड आहे आणि मांजर नाही. पेटी तिथे न्यायची झाली तर ती भरलेली उचलू नये : मासे झाकणाच्या बादलीत त्याच पाण्यात, झाडे ओल्या फडक्यात, अर्धे जुने पाणी कॅनमध्ये, आणि पेटी रिकामी करून दोघांनी धरून. नव्या घरी वाळू, मग झाडे, मग जुने पाणी, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मासे.